पेशंटबरोबर कोण आहे?

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. परळच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या जिन्यात, बाकांवर, जमिनीवर अंथरलेल्या चटयांवर माणसं आडवी झालेली असतात. वॉर्डाच्या दारातून सिस्टर हाक मारतात, "बारा नंबरच्या पेशंटबरोबर कोण आहे?" आणि एकाच वेळी चार जण दचकून उठून बसतात.

वाचकहो, त्या चौघांतले एक तुम्ही असाल किंवा पुढेमागे कधीतरी व्हाल. वडिलांना पक्षाघात झालेला असेल, आईचा न्यूमोनिया बळावलेला असेल, किंवा नुसतं "आता आयसीयूत हलवावं लागेल" एवढंच कानावर पडलेलं असेल. हातात फाइल असते, खिशात पास असतो आणि मनात एकच गोष्ट असते : डॉक्टर विचारतील त्याला मी काय उत्तर देऊ?

माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना वाटतं, हा पेच फक्त आपल्यावरच आला आहे. तसं नाही. आजारी माणसाजवळ त्याच्या घरच्यांनी कुठे उभं राहायचं आणि त्याच्या वतीनं कुणी बोलायचं, या प्रश्नाला आपल्या मुंबईत सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा लालबाग-परळच्या आसपासच घडला आहे. तो इतिहास माहीत असला की वॉर्डाबाहेरची ती जागा थोडी वेगळी दिसते. म्हणून आज आधी इतिहास, मग उपाय.

माणसाला उचलून नेणारं रुग्णालय

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्यांचा पुतळा आजही धोबीतलावला उभा आहे. त्यानंतर महिन्याभरातच पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. प्लेगच्या संशयितांना घरातून सक्तीनं हलवता येईल, घरं रिकामी करून धुता येतील, असा तो हुकूम होता. अशा रोग्यांसाठी ठरवलेलं एक ठिकाण म्हणजे आर्थर रोडचं रुग्णालय, म्हणजे आजचं कस्तुरबा.

लोकांनी हे कसं घेतलं असेल? चाळीतल्या एका खोलीत राहणारं कुटुंब. म्हातारीला ताप आला, काखेत गाठ आली की डोली यायची आणि तिला घेऊन जायची. तिच्या तोंडात पाणी कोण घालणार, तिला कोण शिवणार, ती गेली तर अंत्यविधी कसा होणार, काहीच कळायचं नाही. रुग्णालयात माणसं मारतात, त्यांचे अवयव काढून घेतात अशा वावड्या उठल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर सक्तीचा हुकूम सैल करावा लागला. पुढच्या काही महिन्यांत साडेतीन लाखांहून अधिक माणसं मुंबई सोडून गावी निघून गेली. त्या वेळच्या शहराची जवळपास निम्मी वस्ती होती ही.

आज हे वाचताना आपण सहज "अडाणी लोक" म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्या भीतीला एक कारण होतं. रुग्णालयाच्या धास्तीनं लोक रोग्याला लपवून ठेवत. तो सापडायचा तेव्हा अखेरच्या अवस्थेत असायचा, आणि दाखल होताच काही तासांत मरायचा. मग "तिकडे गेला तो संपलाच" हा समज आणखी घट्ट व्हायचा. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे मृत्यू आणि मृत्यूमुळे पुन्हा भीती, असं हे चक्र होतं.

हे चक्र अजून थांबलेलं नाही. "आयसीयूत नेलं म्हणजे संपलं" हे वाक्य मी आजही ऐकतो. ज्यांच्या ओळखीतला प्रत्येक जण फार उशिरा आयसीयूत पोचला, त्यांना दुसरं काय वाटणार?

१८९७ च्या मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली. तिच्या काळात एक व्यवहारी तडजोड झाली. निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं उघडू दिली गेली. आपल्या पद्धतीचं जेवण, आपल्या भाषेत बोलणारी माणसं आणि नातेवाईकांना येण्याजाण्याची मुभा. जातवार विभागणी हा त्या काळाचा दोष होताच. पण एक गोष्ट प्रशासनाला कळून चुकली : घरच्या माणसांना बाहेर काढून रुग्णालय चालत नाही.

नातेवाइकांना जागा मिळाली, पण ती जिन्यात

१९२६ मध्ये परळला, गिरण्यांच्या ऐन वस्तीत, केईएम रुग्णालय आणि गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. सेठ गोरधनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती, की इथे शिकवणारे आणि उपचार करणारे डॉक्टर भारतीयच असतील. या अटीचा संबंध स्वाभिमानाशी होता, तसाच रुग्णाशीही होता. आपल्या आईच्या आजाराबद्दल आपल्याच माणसाला, आपल्या भाषेत विचारता येणं ही फार मोठी सोय आहे. मग १९४१ मध्ये शेजारीच टाटा मेमोरियल सुरू झालं आणि देशभरातून कर्करोगाचे रुग्ण परळला येऊ लागले. त्यांच्यासोबत अर्थातच त्यांची माणसं आली.

ही सोबतची माणसं राहणार कुठे, खाणार काय, पैसे कुठून आणणार, याचा विचार इमारतींच्या नकाशात फारसा नव्हता. तो आधी केला संत गाडगेबाबांनी. रुग्णांच्या नातेवाइकांना मुंबईत डोकं टेकायला जागा हवी, हे ओळखून त्यांनी धर्मशाळांचं काम उभं केलं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. रुग्णाच्या पोटात काय दुखतंय ते डॉक्टर बघतील, पण त्याच्या घरात काय दुखतंय हे बघणाराही कुणी हवा, असा त्यामागचा विचार होता. आज महापालिकेच्या आणि सरकारी मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. पैशांची अडचण असेल, जन आरोग्य योजनेचे कागद करायचे असतील, घरी एकटंच कुणी असेल, तर तिथे पहिल्याच दिवशी जा. बहुतेक लोक सगळं विकून झाल्यावर तिथे पोचतात.

यंत्रं आली आणि प्रश्न बदलला

१९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलं दगावत होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं एक मार्ग काढला. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी फुगा हातानं दाबून श्वास द्यायचा. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून तो फुगा दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी असा खास विभाग सुरू केला, आणि तीच आजच्या आयसीयूची सुरुवात मानतात. १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी छातीवर दाब देऊन थांबलेलं हृदय चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या दोन्ही उपायांचा मूळ हेतू वेळ मिळवणं हा होता. मुलाचे स्नायू सुधारेपर्यंत त्याला श्वास द्यायचा. भुलेत अचानक थांबलेलं, एरवी चांगलं असलेलं हृदय पुन्हा सुरू करायचं. म्हणजे व्हेंटिलेटर हा पूल आहे. पलीकडे किनारा असेल तर तो तारून नेतो. ऐंशी वर्षांच्या बाईंना न्यूमोनिया झाला असेल, पण त्याआधी त्या हिंडत्या-फिरत्या असतील, तर किनारा असू शकतो. मग यंत्राला घाबरू नका. पण कर्करोग सर्वत्र पसरलेला असेल, किंवा हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू तिन्ही हळूहळू थकत आलेले असतील, तर पुलाच्या पलीकडे काय आहे हे विचारायलाच हवं.

हा प्रश्न कायद्यापुढे गेला तोही परळहूनच. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं मृत्यू येईपर्यंत, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यांना जगवणारे उपचार थांबवावेत, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं तो फेटाळला. या रुग्णाच्या वतीनं बोलण्याचा हक्क कुणाचा, याचं उत्तर न्यायालयानं असं दिलं : जे रोज तिची सेवा करत आले त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्यांना ती जगायला हवी होती.

त्याच निकालानं, काही परिस्थितीत आणि ठरावीक पद्धतीनं, जीव टिकवून धरणारे उपचार थांबवता येतील हेही मान्य केलं. पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. त्याची पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली गेली. आता असं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं. त्यात आपल्या वतीनं बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावं देता येतात. त्याची एक प्रत महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे देण्याची सोय आहे. वेळ आलीच तर रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ तपासून मत देतं. इच्छापत्र नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीनं याच मार्गानं जाता येतं. सुई देऊन जीव घेणं मात्र आपल्याकडे गुन्हाच आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आणि "उपचार थांबवले" म्हणजे "सोडून दिलं" असं नाही. टाटा मेमोरियलचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना ही संस्था सुरू केली. बरं न होणाऱ्या कर्करुग्णांची वेदना, धाप, मळमळ कमी करून त्यांना निगुतीनं सांभाळणारं हे देशातलं पहिलं ठिकाण. तिथे किंवा घरी मिळणाऱ्या या सेवेला परिहार सेवा म्हणतात. ती शेवटच्या दिवशीच घ्यायची असते असं नाही. बाकीच्या उपचारांबरोबरही घेता येते.

मग उद्या सकाळी तुम्ही काय करायचं?

१८९६ मध्ये ज्या जागेसाठी लोकांनी दगड उचलले, ती आजारी माणसाजवळची जागा आज तुम्हाला मिळाली आहे. ती फक्त औषधं आणून देण्यासाठी नाही. तिथे तुमची तीन कामं आहेत.

पहिलं काम : हा माणूस कोण आहे ते आम्हाला सांगणं. आमच्यासमोर बारा नंबरच्या खाटेवर एक डोळे मिटलेले आजोबा असतात. ते गेल्या महिन्यापर्यंत गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जात होते, की दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, हे केसपेपरवर नसतं. यावर आमचे अर्धे निर्णय अवलंबून असतात. त्यांची रोजची औषधं, कशाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं आणि आजारापूर्वी ते स्वतःचं काय काय करत होते, हे एका कागदावर लिहा आणि फाइलला लावा.

दुसरं काम : त्यांना जागं आणि ठिकाणावर ठेवणं. रुग्णालयात तिसऱ्या-चौथ्या रात्री म्हातारी माणसं एकाएकी बरळू लागतात, नळ्या ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे म्हणतात वात झाला, किंवा डोक्यावर परिणाम झाला. बहुतेक वेळा हा तात्पुरता भ्रम असतो. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी अडणं, बद्धकोष्ठता, झोप मोडणं, एखादं औषध, अशी त्याची कारणं असतात. सिस्टरना लगेच सांगा, कारण हा नवीन बिघाडाचा इशारा असू शकतो. आणि तुमच्या हातातलं तुम्ही करा. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी घरून आणा. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, रात्री बोलणं कमी करा. "आई, आज मंगळवार आहे, आपण परळला आहोत, मी शोभा" असं शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगा. तिच्याशी वाद घालू नका. हे औषधाइतकंच उपयोगी आहे आणि ते आमच्यापेक्षा तुम्हालाच चांगलं जमतं.

इथेच एक ताकीद. प्रेमापोटी शहाळं घेऊन येता, ते विचारल्याशिवाय पाजू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्यातलं पोटॅशियम धोक्याचं ठरतं. आणि गुंगीतल्या किंवा पक्षाघात झालेल्या माणसाला आडवं ठेवून चमच्यानं काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. भरवायची परवानगी असेल तरी आधी बसतं करा, एकेक घोट द्या, ठसका लागला की थांबा. आणि त्यांना हात लावण्याआधी व नंतर हात धुवा.

तिसरं काम सगळ्यात अवघड : त्यांच्या वतीनं बोलणं. इथे बहुतेक मुलं चुकीचा प्रश्न स्वतःला विचारतात, "मला काय हवंय?" बाबा हवेत, हेच त्याचं उत्तर असणार. खरा प्रश्न असा आहे : "बाबा आत्ता शुद्धीवर असते आणि त्यांना सगळं कळत असतं, तर ते काय म्हणाले असते?" शेजाऱ्यांच्या आजारपणात ते काय बोलले होते? "मला असं नळ्यांत ठेवू नका रे" म्हणाले होते, की "नातीचं लग्न बघेपर्यंत काहीही करा" म्हणाले होते? आणि ते शुद्धीवर असतील, तर त्यांच्या डोक्यावरून आमच्याशी बोलू नका. त्यांनाच विचारा.

डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा. आजार आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे? या उपचारानं सगळं चांगलं झालं तर ते कशा अवस्थेत घरी येतील? किती दिवस प्रयत्न करून पुन्हा बसून ठरवू या? आणि हा उपचार केला नाही तर त्यांचा त्रास कमी ठेवायला तुम्ही काय कराल? यातला तिसरा प्रश्न फार उपयोगाचा आहे. "तीन दिवस व्हेंटिलेटर लावू, सुधारणा दिसते का बघू, मग बोलू" असं ठरलं की हो किंवा नाही या कात्रीतून सगळ्यांची थोडी सुटका होते.

घरातर्फे डॉक्टरांशी बोलणारं एकच माणूस ठरवा. इतरांना रोज रात्री त्यानं एकच निरोप पाठवावा. आणि परदेशातून किंवा दुसऱ्या गावाहून येणाऱ्या भावंडाला पहिल्या दिवसापासून सामील करून घ्या. दूर राहिलेलं अपत्य शेवटी येतं आणि "सगळं काही करा" म्हणून हट्ट धरतं, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की १९९१ मध्ये एका वैद्यकीय लेखात त्याला 'कॅलिफोर्नियाची मुलगी' असं नावच दिलं गेलं. तिच्यावर रागावू नका. तुम्ही महिनाभर रोज जे बघितलंत ते तिला एका दिवसात बघावं लागतंय.

आणि स्वतः जेवा. पाळ्या लावा. दोन रात्री सलग जागलेल्या माणसानं संमतीपत्रावर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी एवढंच सांगतो. नातेवाईक माझ्याकडे बरेचदा एक ओझं घेऊन येतात : "डॉक्टर, तेव्हा नाही म्हणालो, म्हणजे मीच बाबांना मारलं का?" नाही. बाबांना आजारानं नेलं. तुम्ही फक्त त्यांचा शब्द आमच्यापर्यंत पोचवलात, कारण तो त्यांना स्वतःला पोचवता येत नव्हता. पण तो शब्द माहीत असायला हवा, आणि तो विचारायची वेळ आयसीयूच्या दारात नसते. या रविवारी, जेवणं झाल्यावर, आई-बाबांच्या शेजारी बसा आणि सहज विचारा. सुरुवातीला ते "काय अभद्र बोलतोस" म्हणतील. मग थोड्या वेळानं बोलू लागतील. ते बोलतील ते नीट ऐका आणि लिहून ठेवा.